गार पाण्याचा नळ

वेंडेल प्रुएटने आयुष्यात कुणाची वकिली केली असेल तर ती ॲरिझोनाची, आणि तीसुद्धा फुकटात. ओहायोतून टूसॉनला आला तेव्हा तो ऐन पंचविशीत होता. पहिल्याच जूनमध्ये त्याने उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला उघडा हात लावला आणि तळव्यावर फोड आणले. त्याच संध्याकाळी, फोडांना मलम लावून झाल्यावर, त्याने आईला फोन केला आणि सांगितलं, की इथली गरमी कोरडी असते, जाणवतसुद्धा नाही. हे वाक्य तेव्हा जे तोंडात बसलं ते बसलंच. पुढे केस गेले, गुडघे गेले, शहर बसच्या कचेरीतली नोकरी संपून निवृत्ती आली, पण वाक्य काही गेलं नाही. हल्ली तर कुणी साधं "काय म्हणता?" विचारलं तरी तो तेच म्हणायचा.

त्याची बायको ओफेलिया मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या नोगालेसची. तिच्या आजीची आजीदेखील याच उन्हात टॉर्टिया थापत आलेली. तिने ॲरिझोनाचं कधी कौतुक केलं नाही आणि कधी तक्रारही केली नाही. "उन्हाळा आहे, तापणारच," एवढं बोलून ती पडदे ओढून घ्यायची. या विषयावर तिला याहून जास्त म्हणण्यासारखं काही वाटत नसे, आणि वेंडेल मात्र तासभर बोलायचा.

त्या जूनमध्ये त्याच्या वकिलीची खरी परीक्षा आली. एकुलती एक मुलगी मारिसेला शिकायला म्हणून पार उत्तरेला, बर्फाच्या आणि तळ्यांच्या मिनेसोटाला गेली होती, तिथेच नर्स झाली, आणि तिथेच अँडर्स नावाच्या उंच, गोऱ्यापान, मितभाषी माणसाशी लग्न करून बसली. आता टूसॉनच्या एका इस्पितळाने तिला बोलावलं होतं. शनिवारी समक्ष भेटायचं आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचं. तिची तयारी होती. गाडी अडली होती ती अँडर्सपाशी. तो होड्या दुरुस्त करायचा, आणि ज्या गावात नदीलाही पाणी नाही तिथे होडीवाल्याने काय करायचं, हा त्याचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. म्हणून दोघंही दोन दिवसांसाठी येणार होते, आपल्या डोळ्यांनी बघायला.

"जूनमध्ये?" वेंडेल फोनवर म्हणाला होता. "इस्पितळाला मार्चपर्यंत थांबता येत नाही का? मार्चमध्ये संत्र्याचा मोहर असतो. सगळी गल्ली घमघमते."

"डॅड, मार्चपर्यंत रोगी थांबणार नाहीत," मारिसेला म्हणाली.

खरी गोष्ट अशी होती, की वेंडेलला मुलगी हवी होती. त्याच गावात, रविवारी जेवायला येण्याइतकी जवळ. निवृत्तीनंतर घर त्याच्या अंगावर यायला लागलं होतं. काही घ्यायचं नसताना तो हार्डवेअरच्या दुकानात जाऊन खिळ्यांच्या डब्यांपुढे उभा राहायचा, आणि तिथल्या माणसाला मारिसेलाच्या लहानपणाच्या त्याच त्या गोष्टी सांगायचा. पण 'मला तू हवीस' हे एवढंसं वाक्य त्याच्या घशाखाली अडकायचं, आणि वर यायचं ते हवामान.

तेव्हा त्याने ठरवलं, की जावयाला ॲरिझोनाची फक्त चांगली बाजू दिसली पाहिजे. वाईट बाजू त्याने कपाटात कोंबली. गाडीत कायम पडलेले ओव्हनचे जाड हातमोजे, ज्यांच्याशिवाय उन्हाळ्यात इथे कुणी स्टिअरिंग धरत नाही, ते त्याने डिकीत दडवले. विंचू शोधायचा जांभळा दिवा माळ्यावर गेला. सकाळी बूट झटकून घालायची सवय दोन दिवस बंद ठेवायची असं त्याने ओफेलियालाही बजावलं. खरं तर बूट झटकता झटकता चाळीस वर्षं गेली, पण बुटात विंचू कधी निघाला नव्हता. निघाला तो एकदा टोपीत, टोपी डोक्यावर असताना. ही गोष्ट त्याने आजवर एकट्या ओफेलियाला सांगितली होती, कारण तिनेच तो काढला होता.

"म्हाताऱ्या, तो मुलगा राहायला येणार की सिनेमा बघायला?" ओफेलियाने विचारलं. "आहे तसं दिसू दे की."

"आहे तसं दिसलं तर परत जाईल."

"मग तू कसा राहिलास?"

याचं उत्तर वेंडेलला माहीत होतं. उत्तर त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभं होतं. पण तो म्हणाला, "कोरडी गरमी आहे, म्हणून," आणि ओफेलियाने मान हलवून चुलीवरचा घेवडा ढवळला.

एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यातून साफ निसटली. मे महिन्यात, गल्लीतल्या सगळ्यांसारखी, त्यानेही पाणी तापवायची टाकी बंद केली होती. उन्हाळ्यात रस्त्याखालच्या नळातून पाणी येतं तेच इतकं तापून, की त्याला आणखी ऊब देणं म्हणजे वीज जाळणं. उलट बंद टाकी उभी असते घराच्या आत, थंड केलेल्या हवेत, आणि तिच्यातलं पाणी छान निवतं. म्हणून मेपासून ऑक्टोबरपर्यंत या घरात गार पाणी हवं असेल तर लाल खुणेचा नळ सोडायचा आणि गरम हवं असेल तर निळ्या खुणेचा. घरच्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की यात पाहुण्याला सांगण्यासारखं काही आहे हे कुणाच्या मनातही आलं नाही.

शुक्रवारी दुपारी उशिरा तो विमानतळावर पोचला. इथल्या रिवाजाप्रमाणे त्याने दाराजवळची मोकळी जागा सोडून दिली आणि मैदानाच्या पार टोकाला, एकुलत्या एका पालोवेर्दे झाडाच्या सावलीत गाडी लावली. विमान उशिरा आलं. तोवर सावलीने आपला रस्ता धरला होता आणि गाडी भर उन्हात भाजत होती. मोजे डिकीत. जावई शेजारी. वेंडेलने दोन बोटांच्या नखांनी स्टिअरिंग धरलं, आणि ही आपली नेहमीची ढब आहे असं भासवायला गुणगुणायला लागला. वळण आलं की गुणगुणणं जरा वरच्या पट्टीत जायचं.

"डॅड, मोजे कुठायत?" मागून मारिसेलाने विचारलं.

"कसले मोजे?"

मारिसेलाने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. अँडर्सने कमरेचा पट्टा लावायला हात घातला, पट्ट्याचं धातूचं कडं बोटाला लागलं, आणि तो हलकेच म्हणाला, "अच्छा." मिनेसोटाच्या माणसाने असं म्हटलं की समजायचं, चांगलाच चटका बसला आहे.

वाटेत लांबलचक पूल लागला. अँडर्सने खिडकीतून खाली पाहिलं. खाली वाळू होती, वाळूत झुडपं होती, आणि एक माणूस तिथे कुत्र्याला फिरवत होता.

"हा पूल कशासाठी आहे?"

"नदीवर आहे," वेंडेल म्हणाला.

"नदी कुठाय?"

"हीच की."

अँडर्सने पूल संपेपर्यंत खाली पाहिलं. "पाणी आहे, पण खालून जातं," वेंडेलने खुलासा केला. "वाळूच्या खालून. आमच्याकडच्या नद्या जरा संकोची आहेत." होडीवाल्या जावयाला ही माहिती देऊन आपण काय मिळवलं, हे घर येईपर्यंत त्याला उमगलं नाही. मग उमगलं, आणि तो उरलेली संध्याकाळ या राज्यात बर्फ उपसावा लागत नाही यावर बोलत राहिला. अँडर्सने घेवडा खाल्ला, उन्हात वाळवलेल्या मांसाचा रस्सा खाल्ला, दोनदा 'छान आहे' म्हणाला आणि प्रवासाने दमून आंघोळ न करताच झोपला.

शनिवारी सकाळी मारिसेला इस्पितळात जायला निघाली. ओफेलिया तिला सोडून, बाजार करून, तिला घेऊनच परतणार होती. त्याआधीच, पुरतं उजाडायच्याही आत, वेंडेलने जावयाला टेकडीवर काढलं होतं. ती वेळ खरोखर सुंदर असते. सावारो कॅक्टसच्या डोक्यावर पांढरी फुलं होती, वर कबुतरं बसली होती, आणि हवा अंगाला लावून घ्यावी अशी होती. अँडर्स थांबून थांबून बघत होता. वेंडेलने इथे तोंड मिटून ठेवलं असतं तर ॲरिझोनाने आपलं काम आपण केलं असतं. पण गप्प राहणं हे त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याला जावयापुढे जाणकार दिसायचं होतं.

"ऊन लागलं हे ओळखायचं कसं, ठाऊक आहे?" परतताना त्याने विचारलं. तोवर सूर्य वर आला होता आणि अँडर्सचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता.

"नाही. सांगा."

"पहिलं म्हणजे घाम थांबतो."

अँडर्सने कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं. इथल्या हवेत घाम येतो आणि आल्या पावली वाळून जातो, हे वेंडेलला माहीत होतं, पण ते सांगायचं राहून गेलं कारण तो पुढच्या मुद्द्यावर पोचला होता.

"मग डोकं जड होतं. आणि शेवटी," वेंडेलने आवाज खाली आणला, "माणसाला उलटं वाटायला लागतं. गार ते गरम लागतं आणि गरम ते गार. तसं झालं की संपलं. मग देवाचं नाव घ्यायचं."

हे शेवटचं त्याने कुठे वाचलं नव्हतं की कुणा डॉक्टरकडून ऐकलं नव्हतं. ते तिथेच, त्या टेकडीवर, त्याच्या तोंडात जन्माला आलं. सांगून झाल्यावर त्याला स्वतःलाही ते फार पटलं.

घरी आल्यावर अँडर्स आंघोळीला गेला आणि वेंडेल स्वयंपाकघरात खरबूज कापत बसला. आत काय झालं ते नंतर अँडर्सनेच सांगितलं, फार शांतपणे, जणू ते दुसऱ्याच कुणाचं झालं होतं. त्याने अंग निववायला निळ्या खुणेचा नळ सोडला. पाणी कोमट लागलं. थोडं थांबून नळ पूर्ण सोडला, तर ते चक्क कढत झालं. त्याला वाटलं, नळ उलटा बसवला असेल. म्हणून खात्री करायला त्याने बेसिनचा निळा नळ सोडून पाहिला. तोही गरम. मग लाल सोडला, तर गार. एका घरात एक नळ उलटा असू शकतो, सगळे कसे असतील, असा त्याने विचार केला. कपाळाला हात लावला तर कोरडं. डोकं जड होतंच. आणि वेंडेलचं बोलणं त्याच्या कानात जसंच्या तसं उभं राहिलं.

मिनेसोटाच्या माणसाला कुणाला त्रास द्यायची इतकी लाज असते, की त्याने आधी टॉवेल नीट गुंडाळला, ओली फरशी पुसली, मग त्या फरशीवर उताणा पडला आणि दार किंचित उघडून हाक मारली.

"वेंडेल, तुम्ही कामात आहात का?"

"खरबूज कापतोय. का?"

"संपल्यावर जरा या. घाई नाही. मी बहुतेक मरतोय."

वेंडेल सुरी हातात घेऊनच धावला. जावई फरशीवर आडवा, लालबुंद, डोळे छताकडे.

"काय होतंय?"

"घाम थांबलाय. डोकं जड आहे. आणि गरम पाणी गार लागतंय."

ही तिन्ही लक्षणं त्यानेच शिकवली होती, आणि त्यातलं तिसरं त्यानेच जन्माला घातलं होतं, तरी ते खोटं असेल ही शंका त्याला शिवली नाही. आपल्या थापेवर सगळ्यात आधी विश्वास ठेवणारा माणूस तो स्वतःच होता. एका हाताने त्याने आणीबाणीचा फोन लावला, दुसऱ्या हाताने शीतकपाटातला होता नव्हता तेवढा बर्फ टबात ओतला, वर गोठवलेल्या मक्याची पिशवीही टाकली, आणि आपल्याहून हातभर उंच असलेल्या त्या जावयाला काखेत धरून टबात ढकललं. स्वतःही अर्धा आत पडला.

"मी थरथरतोय," दातांवर दात आपटत अँडर्स म्हणाला. "हेही लक्षण आहे का?"

"असणार," वेंडेल म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीला काय तोंड दाखवायचं, हा एकच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता. तिला घरी आणायला निघालो आणि तिचा नवरा घालवून बसलो, असं त्याला वाटत होतं. "अँडर्स, बाळा, डोळे मिटू नकोस. हिवाळ्यात इथं फार छान असतं."

त्याच वेळी मारिसेला आणि ओफेलिया बाजाराच्या पिशव्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. मारिसेलाने पिशवी खाली ठेवली, नवऱ्याची नाडी पाहिली, डोळे पाहिले, मक्याची पिशवी त्याच्या छातीवरून उचलली.

"काय झालं ते पहिल्यापासून सांग," ती म्हणाली.

अँडर्सने सांगितलं. निळा नळ, लाल नळ, फरशी. मधेच ओफेलियाने भिंतीचा आधार घेतला. मारिसेलाने ओठ दाबून धरले, पण ते फार वेळ धरवले नाहीत.

"डॅड, त्याला नळांचं सांगितलं नव्हतंस?"

"नळांचं काय सांगायचं?" वेंडेल म्हणाला. मग त्याने नळांकडे पाहिलं. एका लाल खुणेकडे, एका निळ्या खुणेकडे, आणि पुन्हा लाल खुणेकडे. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला ते दिसले.

"आणि गरम ते गार लागतं हे तुला सांगितलं कुणी?" मारिसेलाने नवऱ्याला विचारलं.

अँडर्सने सासऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यात बाहेर अग्निशामक दलाची गाडी भोंगा वाजवत येऊन थांबली.

जूनच्या उन्हात समोरच्या घराला आग लागली तरी इथे कुणी पायरी उतरत नाही. त्या दिवशी मात्र झाडून सगळी गल्ली बाहेर आली, छत्र्या घेऊन. वेंडेल ओल्या विजारीने दारात उभा राहिला आणि त्याने जवानांना समजावून सांगितलं, की रोगी बरा आहे, रोग नळाचा होता. "पाहुण्याला नळाचं सांगायला विसरलात?" त्यांच्यातला मिशीवाला म्हणाला, आणि तो इतक्या सभ्यपणे म्हणाला, की वेंडेलला त्याने हसलेलं परवडलं असतं. पलीकडच्या मिसेस येपेझनी कुंपणावरून ओरडून काय झालं ते विचारलं, आणि ओफेलियाने, गरज नसताना, सगळं सांगितलं.

सूर्य कलल्यावर चौघं मागच्या ओसरीवर बसली. अँडर्सला ओफेलियाने चिंचेचा बर्फाचा गोळा करून दिला होता. तो शहाण्या मुलासारखा खात होता. वेंडेल कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. त्याच्या हिशेबाने खटला संपला होता आणि आपण हरलो होतो. तरी वकिलाची जीभ गप्प बसेना.

"एक गोष्ट आहे," तो म्हणाला. "इथं उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळं तासभर मागंपुढं करावी लागत नाहीत. बाकी सगळा देश वर्षातून दोनदा..."

"डॅड," मारिसेला म्हणाली, "मी इथंच वाढले. विंचू माझ्यापासून काय लपवतोस? बघावं तेव्हा तू बोलतोयस ते घर विकायला काढलेल्या दलालासारखं. ऊन असं, आभाळ असं, संत्री अशी. मी इथून गेले तेव्हाही तू हेच बोलत होतास. मी बॅग भरत होते आणि तू मला बर्फाचे तोटे सांगत होतास. आम्ही यावं असं तुला वाटतं का, हे एकदा तरी बोललास?"

"ते काय, दिसतंच की."

"मला नाही दिसत."

वेंडेलने घसा साफ केला. "हिवाळ्यात..."

"म्हाताऱ्या," ओफेलिया म्हणाली. तेवढंच.

वेंडेलने हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं स्टिअरिंगने लाल झाली होती.

"वाटतं," तो म्हणाला. मग थांबला, आणि मग सगळं एकदमच आलं. "घर फार मोठं झालंय गं. मी हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि काही घेत नाही. तो माणूस मला बघून आत जातो हल्ली. इथं गरम होतं. कोरडं-बिरडं काही नाही, भट्टी असते नुसती. पहिल्या जूनमध्ये मी गाडीत बसून रडलो होतो. नदीला पाणी नाही. होड्यांचं मला काही माहीत नाही, अँडर्स, तुझं इथं काय होईल मला खरंच माहीत नाही. तरी तुम्ही या. मला तुम्ही हवे आहात."

मारिसेला उठून त्याच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली आणि तिने आपलं डोकं त्याच्या डोक्यावर टेकवलं. अँडर्स गोळ्यातला शेवटचा रस प्यायला.

"आमच्याकडे थंडीला कोरडी म्हणतात," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्ही जानेवारीत आला होतात तेव्हा मी तुम्हाला म्हणालो होतो. कोरडी थंडी आहे, जाणवत नाही. तुमच्या मिशीवर बर्फ होता."

"होता," वेंडेल म्हणाला. "गोठून भुवईही आखडली होती. मी काही बोललो नाही."

"ते मी पाहिलं," अँडर्स म्हणाला. येण्याबद्दल मात्र तो काही बोलला नाही. मिनेसोटाच्या माणसाला घाई करता येत नाही, हे मारिसेलाने बापाला डोळ्यांनी सांगितलं, आणि वेंडेलने ती रात्र कूस बदलत काढली.

रविवारी दुपारी तो त्यांना सोडायला निघाला. मोजे डिकीतून काढून त्याने उघडपणे हातात चढवले, आणि दुसरा एक जोड न बोलता अँडर्सच्या मांडीवर ठेवला, पट्ट्यासाठी. गल्लीतून बाहेर पडताना अँडर्स खिडकीतून घरांची अंगणं बघत होता.

"या कुणाच्या?" त्याने विचारलं.

वेंडेलने पाहिलं. एका अंगणात, ताडपत्री उडालेली, एक होडी उभी होती. त्याने ती रोज पाहिली होती आणि कधीच पाहिली नव्हती. पुढे आणखी एक. कोपऱ्यावर दोन.

"लोक घेतात," तो ओशाळून म्हणाला. "लांब धरणावर नेतात. वर्षातून एकदा. बाकी पडून असतात उन्हात."

"तडकल्यात सगळ्या," अँडर्स म्हणाला. "रंग गेलाय. पाण्यातली होडी मी एकदा दुरुस्त केली की पुष्कळ वर्षं माझ्याकडे येत नाही. या दरवर्षी येतील."

विमानतळावर मारिसेलाने बापाला घट्ट धरलं. अँडर्सने हात पुढे केला. वेंडेल घाईघाईने मोजा काढायला लागला, पण अँडर्सने मोज्यासकटच त्याचा हात धरला.

"ती पाण्याची टाकी. पुन्हा कधी चालू करता तुम्ही?"

"ऑक्टोबर सरता सरता. का?"

"यंदा एकट्याने करू नका. मी येईपर्यंत थांबा. मला दाखवा कशी करतात ते."

मग तो दोन्ही बॅगा उचलून काचेच्या दारातून आत गेला. मारिसेला मागे वळून हसत होती, म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं. वेंडेल बराच वेळ तिथेच उभा राहिला, एका हातात मोजा आणि दुसरा हात उघडा.

घरी कसा आला ते त्याला सांगता येणार नाही. पूल आला आणि गेला. मोजे शेजारच्या मोकळ्या जागेवर पडून राहिले. दारात गाडी लावल्यावरच त्याच्या ध्यानात आलं, की आपण सबंध रस्ताभर तापलेलं स्टिअरिंग उघड्या हातांनी गच्च धरून आलो आहोत आणि तळवे चांगलेच पोळले आहेत.

"येणार," तो दारातूनच ओफेलियाला म्हणाला, आणि भाजलेले हात पुढे धरून सरळ मोरीवर गेला. त्याने निळ्या खुणेचा नळ पुरता सोडला, हात त्याखाली धरले आणि ओरडला.

ओफेलियाने येऊन निळा बंद केला, लाल सोडला आणि त्याचे हात गार पाण्याखाली धरून ठेवले.

"चाळीस वर्षं झाली, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "आणि अजून तूही नवीनच."